बाबांचा एकट्याचा फोटो

मी कॅमेरा घेतला तो हौसेनं नाही. बरेच दिवस मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. ना राग, ना आनंद, ना धड कंटाळा. ऑफिसातल्या मुली म्हणायच्या, ‘स्वतःसाठी काहीतरी घे ना यार, बघ कसं झकास वाटतं.’ त्या चपला घ्यायच्या, पर्स घ्यायच्या. मी कॅमेरा घेतला. दोन दिवस बरं वाटलं आणि मग परत होतं तसंच.

माझं ऑफिस अंधेरीला. लोकांना बँकेत खातं उघडायचं असतं, ते फोनवरून व्हिडिओ कॉल लावतात आणि मी त्यांचा चेहरा ओळखपत्रावरच्या चेहऱ्याशी ताडून बघते. चेहरा समोर ठेवा, चष्मा काढा, डोळे मिचकावा, थँक्यू. दिवसभर हेच. संध्याकाळी मेट्रोनं घाटकोपरला उतरेपर्यंत त्यातला एकही चेहरा आठवत नाही. आठवावा असं वाटतही नाही. पंतनगरातल्या आमच्या घरी मी, आई आणि बाबा, तिघंच. लग्न झालं होतं, मोडलं, मी परत आले, तेही आता जुनं होऊन गेलं.

कॅमेरा नवा होता, पण मुद्दाम जुना दिसेल असा बनवलेला. वर चंदेरी पत्रा, खाली काळं चामड्यासारखं काहीतरी, माथ्यावर आकडे कोरलेल्या चकत्या. आत आरसा नाही, रीळ नाही, सगळा कंप्युटर. कानात ब्लूटूथ घालून नऊवारी नेसलेल्या बाईसारखा प्रकार. बाबांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, ‘अगं, हा तर माझाच!’ त्यांनी खिडकीबाहेरचा एक फोटो काढला आणि त्यांचा उजवा अंगठा आपोआप मागे गेला. जुन्या कॅमेऱ्यात तिथे रीळ पुढे सरकवायची दांडी असायची. इथे नव्हती, अंगठा नुसताच हवेत फिरला. नंतरही प्रत्येक फोटोनंतर तो तसाच फिरायचा आणि दर वेळी ते ‘अरेच्चा’ म्हणायचे.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून कॉलनीभर फिरायचे. कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा, रीळ स्वतःचं, हौस स्वतःची. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या, असं आई म्हणायची. तो कॅमेरा केव्हाच बंद पडून भंगारात गेला. लेन्स तेवढी राहिली होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत. मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी धरते, लोणच्याला धरते तशीच. बाबांनी तो डबा दर दिवाळीला उघडून, पुड्या बदलून परत बंद केलेला होता. इतकी वर्षं ते कुठल्या कॅमेऱ्याची वाट बघत होते कोण जाणे.

लेन्स जपानी, पन्नास एमएमची, भरीव धातूची. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावायची तर मध्ये एक कडं लागतं, ते मी मागवलं. आटे फिरवून लेन्स कड्यात बसवली, कडं कॅमेऱ्यात. बटण दाबलं तर पडद्यावर आलं की लेन्स जोडलेली नाही. बाबा भडकले. ‘जोडलेली नाही म्हणजे काय? ही काय मग, फुंकणी आहे?’ नव्या कॅमेऱ्याला त्याच्या लेन्सा स्वतःहून सगळं सांगतात. बाबांची लेन्स मुकी. तिच्यात ना मोटर, ना चिप, त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी ती नव्हतीच. शेवटी मेनूत खूप आत एक सेटिंग सापडलं, लेन्स नसली तरी फोटो काढ असं सांगणारं. ते चालू केलं आणि गाडी चालू झाली.

असल्या लेन्सचा फोकस हातानं करावा लागतो, तिच्यावरचं कडं फिरवून. कॅमेरा मदत करतो ती एवढीच की जे स्पष्ट आहे त्याच्या कडांवर लाल रेघा दाखवतो. कडं सावकाश फिरवलं की रेघा सरकत जातात. आधी टीपॉयवरचं वर्तमानपत्र, मग चष्म्याची काडी, मग पापण्या, मग कान, मग मागचं कपाट. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन बोटांचा उरतो, त्याच्या पुढचं धूसर आणि मागचंही धूसर. आणि त्या रेघा भारी फसव्या. चष्म्यावर येतात आणि आपल्याला वाटतं डोळा मिळाला. बाबांचा नियम एकच होता. ‘डोळ्यावर धर. डोळा आला की माणूस आला. नाक, कान गेले खड्ड्यात.’

मला ते आवडायला लागलं. आवडायला म्हणजे फार काही नाही. पण कडं फिरवताना डोक्यात दुसरं काही यायचं नाही, आणि तेवढं मला पुरत होतं. मी पाण्याच्या पिंपाचे फोटो काढले, दारातल्या चपलांचे काढले, गच्चीवरच्या वाळवणाचे काढले. आई म्हणायची, ‘माणसांचे काढ गं कधीतरी, चपलांचे कसले काढतेस!’

मग बाबांना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. फुप्फुसं हळूहळू घट्ट होत चालली होती आणि ती परत मऊ होणार नव्हती. डॉक्टर हे सगळं सांगत असताना आई पदर तोंडाला लावून बसली होती आणि मी एसीतून ठिबकणारं पाणी बघत होते. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण आत कापूस भरावा तसं झालं होतं, काही पोचतच नव्हतं. स्टिरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू करा, त्यांनी आजाराचा वेग कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले. चेहरा थोडा सुजेल, गोल होईल, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. बाबांनी सगळ्यातलं तेवढंच नेमकं पकडलं.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी ते मला म्हणाले, ‘गोळ्या सुरू करायच्या आधी माझा एक फोटो काढ. एकट्याचा.’

‘कशाला?’

‘कशाला काय? भिंतीवरचा. हार घालायचा.’

हे असं बाबा का बोलले ते सांगायला हवं. आमच्या घरात दक्षिणेकडच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. आजोबा कोकणातून आले, परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले, आणि गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता. गेल्यावर फोटोवाल्याला बोलावलं. त्यानं त्यांना टेकवून बसवून फोटो काढला आणि मग मिटलेल्या पापण्यांवर ब्रशनं डोळे रंगवले. तेव्हा तशी पद्धत होती. बाबा शाळेत होते. त्या डोळ्यांखाली बसून त्यांनी मॅट्रिकचा अभ्यास केला. ‘ते काही माझ्या बापाचे डोळे नव्हेत,’ ते म्हणायचे. ‘कुणाचे होते देव जाणे. फोटोवाल्याच्या मेव्हण्याचे असतील.’

म्हणून बाबांना त्यांचा फोटो वेळेत हवा होता. स्वतःचा न सुजलेला चेहरा, स्वतःचे डोळे, आणि काढायचा तो त्यांच्याच लेन्सनं. त्यात आणखी एक हट्ट होता. मागचं कपाट दिसता कामा नये. ‘जन्मभर त्या कपाटासमोर बसलो, मेल्यावर तरी नको. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर काढ, सगळं विरघळू दे.’ आणि शेवटी, पंचांनी निकाल द्यावा तसं म्हणाले, ‘फोटो होईपर्यंत गोळी नाही.’

आई स्वयंपाकघरात होती. तिनं सगळं ऐकलं. आई एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण रागावली की थेट मालवणीत जायची. आतून आवाज आला, ‘माका म्हायत आसा तुमका फोटो कशाक होयो तो! गप ऱ्हवा.’

रविवारी सकाळी खिडकीतून चांगला उजेड येत होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दिवाणावर बसले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, कडं फिरवलं, लाल रेघा चष्म्यावर आल्या, आता पापणीवर येणार, तेवढ्यात डावीकडून काहीतरी मोठं, फुलाफुलांचं आत आलं. आई. गाऊनवर, हातात निवडायची कोथिंबीर. ती बाबांच्या शेजारी बसली आणि निवडायला लागली.

‘अगं, एकट्याचा काढतोय.’

‘काढा की. मी कुठं नको म्हणतेय?’

पण उठली नाही. बाबांनी सरकून बघितलं, तीही सरकली. शेवटी मी तसाच काढला. आई बसायची ती कायम पुढे झुकून, कुकरची शिट्टी झाली की उठायचंय अशा बेतानं. त्यामुळे ती बाबांपेक्षा वीतभर पुढे, माझ्या त्या दोन बोटांच्या पट्ट्याच्या बाहेर. फोटोत बाबांचा डोळा लख्ख आणि शेजारी एक धूसर, फुलाफुलांची आई.

पुढच्या वेळी बाबांनी मला गच्चीवर नेलं. आई दुपारची पडली होती. ते मधे मधे थांबत, कठडा धरत वर आले. त्यांना खुर्चीवर बसवून मी फोकस करेपर्यंत आई परातीत पापड घेऊन हजर. वाळत घालायचेत म्हणे. चांगली साडी नेसून, तोंडावर पावडर लावून पापड वाळत घालायला आलेली बाई मी दुसरी बघितली नाही. परात खाली ठेवून ती बाबांच्या खुर्चीच्या हातावर टेकली आणि तिनं त्यांचं कोपर धरलं, घट्ट, रस्ता ओलांडताना धरतात तसं. मी तोही तसाच काढला. नंतर गॅलरीतही दोनतीनदा तेच झालं. मग गुरुवारी, ती भजनी मंडळात गेली की लगेच, असं आमचं ठरलं. दार लागलं, बाबा पटकन शर्ट बदलून बसले. मी कॅमेरा चालू करते तोच कुलपात किल्ली फिरली. ‘चष्मा विसरला,’ आई म्हणाली. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

हसू येण्यासारखंच होतं ते. बाबा हसले, धाप लागेपर्यंत हसले. मी हसले नाही, हसायला आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की बाबा गोळी घेत नाहीयेत आणि रोज रात्री खोकताहेत. मी त्यांना म्हटलं, ‘आहेत त्यातलाच एक घेऊ. आईला कंप्युटरवर कापता येईल.’

बाबा म्हणाले, ‘बायकोला कापून काढलेला फोटो लावायचा? लोक काय, मीच वरून थुंकेन माझ्यावर.’

मग मी आईकडे गेले. ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, ‘आई, काढू दे ना त्यांना एक फोटो. मोकळे होतील, गोळ्या तरी घेतील.’

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘जोडीच्या फोटोला हार घालता येत नाही. दोघांतलं एक जरी जिवंत असलं तरी नाही घालत, माहितीये ना तुला?’

‘माहितीये.’

‘मग झालं तर. मी शेजारी बसलेली असताना हार कसा चढतो तेच बघते.’

तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, भाजीवालीशी घासाघीस करताना असायचा तोच सूर होता. तेव्हा मला कळलं की ती आमचा खेळ मोडत नव्हती. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. डॉक्टर तिच्याशी बोलायचे नाहीत, माझ्याशी बोलायचे. ऑक्सिजनचे आकडे तिला वाचता यायचे नाहीत. फोटोत येऊन बसणं तेवढं तिला जमण्यासारखं होतं. हे कळलं, आणि मी ताटं घ्यायला गेले.

शेवटी आईनंच तोडगा काढला. एका सकाळी चहाच्या आधी ती गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन बाबांसमोर उभी राहिली. बाबा म्हणाले, ‘फोटो झाल्याशिवाय नाही.’ ती म्हणाली, ‘तुमचा फोटो मी जिवंत आहे तोवर होणार नाही. मग कधी घेणार गोळी?’ बाबांनी माझ्याकडे बघितलं. तिनं गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि तळहात मिटवला. ‘तोंड सुजलं तर सुजू दे. बघायचंय मला. लग्नात तरी तुम्ही कुठं सुंदर होतात?’ बाबांनी गोळी घेतली. मला वाटतं, ते आतून वाटच बघत होते कुणीतरी जबरदस्ती करण्याची.

चेहरा खरंच सुजला. बाबा आरशात बघून म्हणायचे, ‘पुरी फुगली.’ खोकला मात्र कमी झाला. फोटोचा विषय कुणी काढला नाही. लेन्स परत डब्यात गेली.

आणि मग आई गेली.

मासळीबाजारातून बांगडे घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली, म्हणाली चक्कर आल्यासारखं होतंय, जरा पडते. बाबा बाहेर टीव्ही बघत होते, मी त्या दिवशी घरूनच काम करत होते, आतल्या खोलीत कॉलवर होते, कुणालातरी डोळे मिचकावायला सांगत होते. बाहेर आले तेव्हा ती दिवाणावर कुशीवर होती. डॉक्टर आले आणि हार्ट म्हणाले. मी बांगडे फ्रीजमध्ये ठेवले. तेव्हा तेच करायचं काम वाटलं. शेजारच्या काकूंनी नंतर ते नेऊन टाकून दिले.

आजारी माणूस घरात एक होतं आणि गेलं दुसरंच. लोक बाबांकडे बघायचे आणि माझा हात दाबायचे. मी चहा विचारायचे. बोरिवलीची आत्या, बाबांची धाकटी बहीण, राहायला आली होती, तिनं सगळं हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘वहिनीचा एक चांगला फोटो दे गं, फ्रेम करायला टाकते.’

तेव्हा मी लॅपटॉप उघडला. आईचे फोटो कितीतरी होते. गॅलरीत, गच्चीवर, दिवाणावर, गाऊनमध्ये, साडीत, कोथिंबीर, पापड, सगळं. एकात डोळे वटारलेले, एकात हसू दाबलेलं. आणि ती सगळ्यांत धूसर होती. एकाही फोटोत माझा फोकस तिच्यावर नव्हता. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघितला, तिच्या डोळ्यांपाशी जाऊन बघितला. प्रत्येक वेळी नुसते तपकिरी डाग, आणि तिच्या मागे बाबांच्या पापण्यांचा केस न् केस मोजून घ्यावा असा.

फोनमध्येही होते तिचे. कुणाच्या लग्नात घोळक्यात, तोंडात घास असताना, नाहीतर आत्याच्या नातवंडांच्या डोक्यांमागे अर्धी. आधार कार्डावरचा होता, पण त्याला ती स्वतःच ‘चोराचा फोटो’ म्हणायची. आत्या म्हणाली, ‘अगं, तुम्ही बाप-लेक एवढे फोटोवाले, आणि बाईचा एक धड फोटो नाही?’ तिच्या मनात टोचायचं नव्हतं. खरं तेच म्हणाली.

मी गच्चीवरचा फोटो पेनड्राइव्हवर घेऊन स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडे गेले. त्यानं तो स्क्रीनवर मोठा केला. ‘मॅडम, साहेबांना काढायचं ना? काढतो. पण फोटोतल्या मॅडमचा फेस पूर्ण ब्लर आहे. टेन्शन नाही, एआयनं करून देतो.’ त्यानं काहीतरी दाबलं आणि स्क्रीनवर आईच्या चेहऱ्यात दोन लख्ख डोळे आले, पापण्यांसकट. बाई सुरेख होती. मी प्रिंट घेऊन घरी आले आणि बाबांसमोर धरली.

त्यांनी चष्मा सारखा केला. ‘ही कोण?’

आत्या म्हणाली, ‘असं काय करतोस दादा, वहिनी!’

‘नाही गं,’ बाबा म्हणाले, चिडून नाही, पत्ता चुकलेल्या माणसाला सांगावं तसं. मग मला म्हणाले, ‘जसा आहे तसा दाखव.’ मी लॅपटॉपवर मूळ फोटो लावला. त्यांनी तो खूप वेळ बघितला. मग चष्मा काढला, परत बघितला. ‘हाच लाव. सकाळी उठलो की चष्मा सापडेपर्यंत मला ती अशीच दिसते.’

दिसते म्हणाले, दिसायची नाही. आत्या तोंडावर पदर घेऊन आत गेली. मला तेव्हाही काही वाटलं नाही. मी फोटो कापायला बसले. बाबा जिवंत होते, त्यांचा एक कणसुद्धा हाराखाली राहता कामा नये, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तो आईचाच कायदा होता. आधी चेहरा गेला, मग खांदा, मग बाही. बाहीबरोबर आईची बोटं जात होती, त्यांचं कोपर धरलेली. मी रेघ मागेपुढे करून बघितली. बोटं ठेवली तर बाही राहत होती. बोटं गेली.

हा फोटो आता आजोबांच्या शेजारी आहे. येणारे जाणारे बघतात, जरा जवळ जातात, मग मागे होतात. कुणी विचारत नाही.

आईचे दिवस झाले, आत्या बोरिवलीला गेली, मी परत ऑफिसला जायला लागले. एका रविवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा दिवाणावर खिडकीशी बसलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. चेहरा गोळ्यांनी गोल, गळ्यापाशी शर्टाचं बटण लागत नव्हतं. शेजारी बिस्किटांचा डबा, उघडलेला.

‘काढ,’ ते म्हणाले. ‘तोंड आता हेच आहे माझं. आणि मध्ये येणारं कोणी नाही.’

मी लेन्स लावली. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं. कडं फिरवलं. रेघा चष्म्यावर आल्या, तिथून पापणीवर सरकल्या आणि तिथेच थांबल्या. बाबा हलले नाहीत. डावीकडून कुणी आलं नाही. मी बटण दाबलं. असल्या लेन्सवर पहिल्या झटक्यात फोकस मिळणं कठीण असतं. त्या दिवशी मिळाला. मागचं कपाट पूर्ण विरघळलं होतं आणि दोन्ही डोळे लख्ख होते, ओल्या कडांसकट. मी आजवर काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता.

बाबांनी कॅमेरा मागून घेतला. मी शिकवलं होतं तसं दोन बोटांनी मोठं करून डोळा तपासला. ‘आला,’ म्हणाले. मग फोटो परत लहान केला, पूर्ण बघितला.

‘यात मी एकटाच आहे.’

‘एकट्याचाच हवा होता ना बाबा?’

मग कॅमेरा माझ्याकडे देत म्हणाले, ‘काढ.’

मला वाटलं, आणखी एक हवाय. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आपल्याकडे फोटो काढायचाही असतो आणि काढायचाही असतो, शब्द एकच.

‘नवा नाही गं. तो. तो काढ.’

कॅमेऱ्यानं विचारलं, नक्की पुसायचा का? मी होय दाबलं. पडद्यावर आधीचा फोटो आला, आई आणि बाबा. बाबांनी मान हलवली आणि चहाचा कप उचलला. आणि मला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, वाईट वाटलं. आत कुठेतरी नाही, सरळ छातीत. आई जिंकली होती आणि मला ते तिला सांगता येत नव्हतं.